चिपमध्ये लाल-निळं पाणी मिसळतच नाही

प्रश्न (नवी_चिप): पीडीएमएसची (पारदर्शक सिलिकॉन रबराची) वाय आकाराची चिप बनवलीय, आत पाणी वाहायला बारीक चॅनेल. ते 200 मायक्रॉन रुंद, 100 उंच, 2 सेंटिमीटर लांब. दोन्ही तोंडांतून मिनिटाला 5-5 मायक्रोलिटर, एकीकडून लाल, दुसरीकडून निळं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन रंग शेवटपर्यंत पट्टीने रेघ मारल्यासारखे शेजारीशेजारी वाहतात. पंप दुप्पट केला तर रेघ आणखीच ठसठशीत! शिवाय वळणावर एक बुडबुडा ठाण मांडून बसलाय. चिप बिघडलीय का?

थेंबथेंब: चिप ठणठणीत आहे. तुझ्या आकड्यांवरून वेग येतो सेकंदाला 8 मिलिमीटर आणि रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाहाचा रेटा चिकटपणाच्या किती पट ते, जेमतेम 1. घरच्या नळात तो हजारांत असतो, म्हणून तिथे भोवरे उठतात. इथे सगळा कारभार चिकटपणाचा, मिसळायला फक्त डिफ्यूजन, म्हणजे रेणूंचं आपोआप पसरणं, उरतं. रंगाच्या रेणूला 100 मायक्रॉन आडवं सरकायला दहाएक सेकंद हवेत, आणि तुझं पाणी अडीच सेकंदांत बाहेर. पंप वाढवलास म्हणजे होता तो वेळही काढून घेतलास.

मिसळायचंच असेल तर नुसत्या नागमोडी वळणांनी इतक्या कमी अंकाला भागत नाही, फक्त लांबी वाढते. 2002 मध्ये हार्वर्डच्या गटाने चॅनेलच्या तळाला माशाच्या काट्यासारख्या तिरप्या खाचा काढल्या. प्रवाह शिस्तीतच राहतो, पण पीळ बसून दोन रंगांना चिरोट्यासारखे पदर सुटत जातात. पदर पातळ झाले की रेणूला जायचं अंतरच उरत नाही. मला हे आजही फार सुंदर वाटतं. चिप ओतायचा साचा मात्र दोन थरांचा करावा लागेल.

प्रयोगशाळेतली_ताई: बुडबुड्याचं मी सांगते. तुझ्या चॅनेलमधून पाणी ढकलायला 3 सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब पुरतो, तर पृष्ठताणाचा जोर 20 सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. पंपाने तो हलेल कसा? मी एकदा शनिवारी प्लाझ्मा केलेली (विद्युतभारित वायूने पृष्ठभाग पाणी धरणारा केलेली) चिप सोमवारी भरली. तोवर पीडीएमएस पुन्हा पाणी झटकायला लागलं होतं, कोपऱ्याकोपऱ्यात हवा. तेव्हापासून प्लाझ्मानंतर लगेच भरते, आधी इथेनॉल, मग उकळून गार केलेलं पाणी. आता अडकलाच आहे तर बाहेरचं तोंड बंद कर, आत हलका दाब ठेव आणि थांब. पीडीएमएसमधून हवा झिरपते.

नवी_चिप: ताई, तोंड बंद करून बसलेय. बुडबुडा खरंच बारीक होतोय, आधी वळणभर होता, आता अर्ध्यावर आलाय. खाचांचं ड्रॉइंग उद्या टाकते, कोन बघून सांगाल का?