रस्ट (प्रोग्रामिंग भाषा): लांबी जेनेरिक (आधी न ठरवलेली) ठेवली की दोन अ‍ॅरे जोडता येत नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मायक्रोकंट्रोलरसाठी छोटी लायब्ररी लिहितोय. हीप (प्रोग्राम चालू असताना मागता येणारी मेमरी) नाही, म्हणजे व्हेक (वाढू शकणारी यादी) बाद; सगळा कारभार [यू८; एन] वर, म्हणजे एन बाइटांच्या अ‍ॅरेवर. ‘पॅकेट’ स्ट्रक्टला ‘कॉन्स्ट एन: यूसाइज’ हा लांबीचा पॅरामीटर दिलाय, तोवर सगळं सुरळीत.

किरकोळ अडचण आधी सांगतो. [यू८; १६] ला डिफॉल्ट (सुरुवातीची किंमत देणारी सोय) डिराइव्ह होतो, म्हणजे कम्पायलर तो आपोआप लिहून देतो; एन लिहिलं की एरर. ३२ पर्यंतच्याच लांबीला तो मिळतो म्हणे. क्लोन, डीबग कितीही लांबीला चालतात, मग डिफॉल्टनेच काय घोडं मारलंय?

खरं दुखणं पुढे आहे. एच लांबीचं हेडर आणि एन लांबीचा पेलोड जोडून [यू८; एच + एन] परत करायचाय. कम्पायलर ही बेरीज टाइपमध्ये लिहूच देत नाही. एचच्या जागी ८ घातले तरी तेच. नाइटलीवर (रस्टची प्रायोगिक आवृत्ती) जेनेरिक_कॉन्स्ट_एक्सप्रेशन्स चालू केलं तर जमतं, पण मला स्टेबल (पक्की आवृत्ती) सोडायचं नाही. टाइपनम या लायब्ररीचा (आकडे टाइप म्हणून मांडणारी) जुना मार्ग माहीत आहे. त्यातले एरर वाचायला वेगळा माणूस ठेवावा लागेल!

प्रतिसाद १
डिफॉल्टची गोम शून्यात आहे. [टी; ०] ला टी (घटकाचा टाइप) स्वतः डिफॉल्ट असायची अट नाही, बाकी लांबींना आहे. सगळ्या एनसाठी एकच इम्प्ल (डिफॉल्टची अंमलबजावणी) लिहिलं तर ही सूट जाते आणि जुना कोड मोडतो. तुम्ही हाताने लिहा: यू८ असेल तर [०; एन] पुरे, टी जेनेरिक असेल तर कोअर::अ‍ॅरे::फ्रॉम_एफएन (१.६३ पासून स्टेबल).

बेरजेसाठी तिसरा पॅरामीटर घ्या, ‘कॉन्स्ट ओ’. फंक्शनने [यू८; ओ] परत करायचा आणि आत पहिल्याच ओळीत कॉन्स्ट ब्लॉकमध्ये (कम्पाइल होतानाच चालणारा कोड) असर्ट, म्हणजे अटीची तपासणी: एच + एन == ओ. असे ब्लॉक १.७९ पासून स्टेबल आहेत. लांबी चुकली तर बिल्डच होत नाही.

मूळ प्रश्नकर्ता
जमलं, आभार! पण मुद्दाम चुकीचा ओ दिला तर ‘कार्गो चेक’ (पूर्ण बिल्ड न करता कोड तपासणारी आज्ञा) गप्प बसतो, एरर ‘कार्गो बिल्ड’ला येते. माझ्याकडूनच काही राहिलंय का?

प्रतिसाद १
नाही, ते तसंच असतं. एन, ओ यांना खरे आकडे मिळाल्यावरच असर्ट तपासला जातो आणि चेक सहसा तिथवर पोचत नाही. सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत) बिल्ड ठेवा.

प्रतिसाद २
जोडायलाच हवं का पण? बाइट्स शेवटी यूआर्टवरच (सिरीयल पोर्ट) जाणार असतील तर &म्यूट [यू८] (आत लिहिता येणारा बाइटांचा बफर) घ्या, आधी हेडर, मग पेलोड कॉपी करा आणि किती बाइट लिहिले ते परत करा. मी तरी ओच्या भानगडीत पडलो नसतो.