ट्यूमर बोर्ड ऑनलाइन झाला, पण टँडेम कोण बसवणार?

निशाचर
काल इथे एकाने ठणकावून लिहिलं की कोविडने कर्करोगतज्ज्ञांचं प्रशिक्षण सुधारलं, कारण ट्यूमर बोर्ड (वेगवेगळ्या तज्ज्ञांची रुग्णावर चर्चा करणारी बैठक) ऑनलाइन झाले. साफ चूक. एमडी रेडिओथेरपीची (किरणोपचारात पदव्युत्तर शिकणारी) मुलं कोविड वॉर्डात जुंपली गेली. १८ एप्रिल २०२१ची नीट-पीजी (पदव्युत्तर प्रवेश परीक्षा) ११ सप्टेंबरला झाली, समुपदेशन (जागावाटप) जानेवारी २०२२मध्ये. म्हणजे कितीतरी महिने खालची बॅचच नाही! दोन बॅचनी तिघींचं काम ओढलं. शिकणार कधी?

मार्जिन
सगळं ठप्प नव्हतं. टाटा मेमोरियलमध्ये २३ मार्च ते ३० एप्रिल २०२०दरम्यान ४९४ नियोजित मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या, त्या शस्त्रक्रियांनंतर एकही मृत्यू नाही.

निशाचर
टाटाचं माप जिल्ह्याच्या कॉलेजला लावू नका.

पॉइंट_ए
मूळ दुखणं ब्रेकीचं आहे, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगात टँडेम नावाची नळी गर्भाशयात बसवून आतून किरण देण्याचं. जिथे ७ ग्रेच्या (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं एकक) ४ऐवजी ९ ग्रेच्या २ फेऱ्या केल्या, तिथे रुग्णाच्या चकरा वाचल्या, पण रेसिडेंटच्या (शिकाऊ डॉक्टरच्या) वाट्याची इन्सर्शन्स (नळी बसवण्याच्या संधी) निम्मी झाली.

मार्जिन
मग मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) शिकवा.

पॉइंट_ए
मॅनिकिनचा ऑस (गर्भाशयमुखाचं छिद्र) ट्यूमरने बुजलेला नसतो! आधी आतून तपासून गर्भाशय पुढे झुकलंय की मागे ते ठरवायचं, मग साउंड (खोली मोजायची सळई). मागे झुकलेल्यात नेहमीच्या दिशेने रेटलं की अडथळा अचानक सुटतो आणि साउंड अपेक्षेपेक्षा खोल जातो. छिद्र पडलं! तिथेच थांबायचं, अल्ट्रासाउंड लावायचा. पॅकिंग (उपकरण जागी धरणारं गॉज) सैल राहिलं तर ओव्हॉइड (टँडेमच्या दोन्ही बाजूंचे भाग) सरकतात, मूत्राशय-गुदाशयाचा डोस वाढतो. हा दाब बोटांनाच कळतो, स्क्रीनवर नाही.

मार्जिन
आवाज चढवू नका. पॅकिंगचं मान्य, नाइलाजाने. पण कंटूरिंग (स्कॅनवर ट्यूमर आणि अवयवांच्या कडा आखणं) ऑनलाइनच बरं शिकवता येतं. एकेका स्लाइसवर थांबून "हा नोड (लसीकाग्रंथी) का सोडलास?" विचारता येतं. ओपीडीच्या गर्दीत कोण विचारतं?

सातवा_आठवडा
स्तनाच्या कर्करोगाचं कुणीच बोलत नाही. एप्रिल २०२०मध्ये फास्ट-फॉरवर्ड चाचणीचे निकाल आले, १५ फ्रॅक्शन्सच्या (किरणांच्या बैठकांच्या) जागी आठवड्यात ५, एकूण २६ ग्रे. रुग्णाच्या सोयीचंच आहे. पण त्वचेची लाली उपचार संपल्यावर वाढते, तेव्हा बाई गावी पोचलेली असते. रेसिडेंटने ती पाहायची कशी? दोन-तीन आठवड्यांनी फोटो मागवा, फोन करा.

निशाचर
हे पटलं. आणि लॉगबुकात (रेसिडेंटच्या कामाच्या नोंदवहीत) "पाहिलं", "मदत केली", "स्वतः बसवलं" असे तीन वेगळे रकाने हवेत. आज सगळं एकाच आकड्यात दडपतात.

मार्जिन
रकान्यांना माझी हरकत नाही. बोर्ड मात्र ऑनलाइनच राहू दे.