ओळख चोरीला गेली आमची, आणि झेरॉक्सही आम्हीच वाटायच्या?

तापीकाठ
परवा आपल्या गटात एका निवृत्त बँकवाल्यांची पोस्ट फिरली. तुमच्या नावावर कुणी परस्पर कर्ज उचललं तर काय करायचं, याचा सल्ला. आधार, पॅन, रेशनकार्ड, तीन वर्षांचं स्टेटमेंट, लाईटबिल यांची फाईल करा, दहा-दहा झेरॉक्स काढा, बँकेत द्या, पोलिसात द्या, सिबिलवाल्यांना, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला, पाठवा. आणि शेवटी, ‘प्रामाणिक माणसाला लपवण्यासारखं असतंच काय?’ बाकीचं गिळलं असतं, हे शेवटचं घशात अडकलं.

माझ्या वहिनीच्या पॅनवर कुणीतरी ॲपवरून कर्ज काढलं. यावल तालुक्यातल्या गावात राहते, मोबाईलवर भजनं ऐकते, तेवढाच तिचा डिजिटल व्यवहार. वसुलीवाल्याचा फोन आला तेव्हा घरात कळलं. तिथून पुढं ज्या खिडकीवर गेलो तिथं पहिला प्रश्न एकच, आधार आणलंय का? ज्या कागदाच्या प्रतीवरून चोरी झाली, त्याचीच आणखी एक प्रत देऊन ‘मी मीच आहे’ हे पटवायचं. कर्ज देणाऱ्या कंपनीनं तर पॅन व्हॉट्सॲपवर मागितलं. कुठल्या तरी साध्या नंबरावर, डीपीला हनुमानाचा फोटो. ठाण्यात जबाब घेतला तो हॉलमध्ये, मोठ्यानं, शेजारी गावातलेच दोघं मोटरसायकल चोरीला गेली म्हणून बसलेले. दिवेलागणीपर्यंत गावभर झालं, अमक्याच्या सुनेनं कर्ज बुडवलं.

मग गुन्हा दाखल झाला आणि एफआयआर वेबसाइटवर चढला. त्यात नाव, पत्ता, मोबाईल. त्यानंतर ‘मॅडम, सिबिल क्लीन करून देतो’ म्हणणाऱ्यांचे फोन सुरू झाले. योगायोग म्हणा.

माझं म्हणणं एवढंच. पोलिसांनी एकदा ओळख तपासली, तक्रार क्रमांक दिला, की पुढं सगळ्यांनी तो क्रमांक घ्यावा, कागद मागू नयेत. आणि कर्ज ज्यानं दिलं त्यानं आधी आपली फाईल उघडावी. सेल्फी कुणाचा, ओटीपी कुठल्या मोबाईलवर गेला, पैसे कुणाच्या खात्यात पडले. हे एक पान दाखवलं तरी निम्मी भानगड तिथंच मिटते.

निवृत्त शाखाधिकारी
ती पोस्ट माझीच. वहिनींच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण तुम्ही फक्त खिडकीच्या बाहेरून बघताय. उभी नोकरी मी याच जळगाव जिल्ह्यात काढली, धरणगावपासून सावद्यापर्यंत. चोपड्याकडचे एक गृहस्थ आले होते, ‘ही सही माझी नाही, माझ्या नावावर कुणी कर्ज घेतलं’ म्हणून केबिनमध्ये डोळ्यांत पाणी. आम्ही पण हळहळलो. मग शिपायानं कपाटातून कर्जमेळाव्याचा अल्बम काढला. हेच गृहस्थ, गळ्यात हार, हातात मंजुरीपत्र, शेजारी आमदार. नुसत्या तक्रार क्रमांकावर कर्ज पुसायला लागलो तर कापसाचा भाव पडला की त्या वर्षी अख्ख्या तालुक्याची ओळख चोरीला जाईल.

तापीकाठ
अण्णा, कर्ज पुसा असं मी कुठं म्हटलं? वसुलीचे फोन थांबवा, सिबिलवर ‘वाद सुरू’ अशी नोंद करा आणि तुमच्याकडचा कागद दाखवा. तुमचा हारवाला माणूस पकडला गेला तो बँकेनं आपला अल्बम उघडला म्हणूनच ना? त्याच्याकडून दहा झेरॉक्स घेऊन नाही.

सेतूचा पोऱ्या
आता सगळे आम्हा सेतू केंद्रवाल्यांवरच घसरणार, म्हणून आधीच सांगून ठेवतो. आम्ही झेरॉक्स हौसेनं ठेवत नाही. मास्क केलेलं आधार, ज्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात, ते मी स्वतः लोकांना काढून देतो. पोरगं ते घेऊन एका कार्यालयात जातं आणि तासाभरात परत. ‘हे चालत नाही, पूर्ण आणा.’ २०२२ च्या मे महिन्यात आधारवाल्यांच्या बंगळुरूच्या कार्यालयानं पत्रक काढलं होतं, कुणालाही झेरॉक्स देऊ नका म्हणून. लोक घाबरले, तर दोनच दिवसांत सरकारनं ते मागं घेतलं. आता खरं कुठलं धरायचं?

अमळनेरचा एक जून
चोरीचं राहू द्या, माझं तर चोराशिवाय झालंय. माझ्या सिबिल रिपोर्टात दुसऱ्याच माणसाचं थकलेलं ट्रॅक्टर कर्ज. नाव माझंच, बापाचं नाव तेच, आडनाव पाटील, तालुका तोच, जन्मतारीख १ जून. जुन्या कर्जाला पॅन जोडलेलं नव्हतं, बसलं येऊन माझ्या डोक्यावर. तो माणूस मला लग्नात भेटतो, हसतो, ‘काय पाटील, आपलं कर्ज कधी फेडताय’ विचारतो.

बठ्ठं कागदवर
भाऊ, मना बाप, मना काका नि मी, तिन्हीजन एक जूनना. आमना गावमा एक जूनले केक लयना म्हंजे बेकरीच उचलनी पडी.

जामनेरी
हा सगळा शाळेच्या गुरुजींचा प्रताप. रजिस्टर भरायचा कंटाळा, टाक १ जून, टाक १ जून. आज त्याची फळं आम्ही भोगतोय. पेन्शन अडते, विमा अडतो, पासपोर्टला प्रश्न.

शिरपूरची बाई
गुरुजींना नावं ठेवायच्या आधी माझं ऐकून घ्या. माझे वडील सातपुड्याच्या पायथ्याला एकशिक्षकी शाळेवर होते. आईबाप पोराला घेऊन यायचे, तारीख विचारली की उत्तर ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला’. कुठल्या वर्षीच्या पोळ्याच्या? ‘ज्या वर्षी पाऊस आला नाही.’ जूनमध्ये शाळा उघडणार, तेव्हा सहा वर्षं पुरी दिसायला हवीत, म्हणून १ जून. ती तारीख घातली नसती तर तुमचे काका शाळेतच गेले नसते, जामनेरी दादा.

जामनेरी
बाई, भावनेत घेऊ नका. नंतर दुरुस्ती करता आली असती की नाही?

शिरपूरची बाई
कुणी करायची? मेलेल्या गुरुजींनी? दाखला तुमच्या हातात होता. राजपत्रात तारीख बदलायची सोय आहे, आधारवर जन्मतारीख बदलायची सोय आहे, तीही एकदाच. तुम्ही केली का?

निवृत्त शाखाधिकारी
विषय कुठं होता, कुठं आला. पण बाई बरोबर बोलतात. माझीही १ जून.

वरणगावचा वकील
थोडं मूळ विषयावर येऊ. ओळख चोरी म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-क. ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड. गोम पुढं आहे. या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, कलम ७८. आपल्याकडच्या कितीतरी ठाण्यांचे प्रभारीच सपोनि, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक. म्हणून ‘जळगावला सायबरला जा’ ऐकावं लागतं, आणि माणूस रावेरहून जळगावला गेला की ‘आधी तुमच्या ठाण्यात जा’. चेंडू इकडून तिकडे.

एफआयआरचं म्हणाल तर तो वेबसाइटवर टाकायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाचा, सप्टेंबर २०१६ चा, २४ तासांत. आरोपीला प्रत मिळावी म्हणून तो काढला, आणि योग्यच काढला. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद अशी प्रकरणं त्यातून वगळली. ओळख चोरी त्या यादीत नाही. उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी संवेदनशील ठरवून प्रकरण थांबवू शकतो, पण त्याच्यापर्यंत जाऊन सांगायचं कुणी? आरोपीचा हक्क शाबूत ठेवून फिर्यादीचा मोबाईल आणि पत्ता काळा करायला काय हरकत आहे, हे मला आजतागायत कुणी समजावून सांगितलं नाही.

जामनेरी
वकीलसाहेब, असं सगळंच काळं केलं तर खोट्या फिर्यादी देणाऱ्यांचं फावेल. ॲट्रॉसिटी काय, फळपीक विमा काय, खोट्याचा सुळसुळाट आहे. बागेत केळीचं खोड नाही आणि विम्याला केळी दाखवली, दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर. त्यांची नावं चौकात लावा की.

वरणगावचा वकील
ॲट्रॉसिटी इथं ओढू नका. तो वाद तुम्हाला कुठेही काढायचाच असतो. आणि तुमच्या दुसऱ्या उदाहरणात ज्याचा सातबारा वापरला तो बळी आहे. त्याचं नाव चौकात लावायचं का?

जामनेरी
बळीचं नाही, करणाऱ्याचं म्हटलं मी. वकिलाला वाक्य फिरवायला पैसे मिळतात, मला नाही.

शिरपूरची बाई
तुमचं भांडण चालू द्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईनं ॲपवरून थोडे पैसे घेतले होते. ॲपनं फोनमधले सगळे नंबर उचलले आणि हप्ता चुकल्यावर तिचे नको तसे फोटो बनवून माहेरच्यांना पाठवले. तिनं तक्रार केलीच नाही. कारण? ‘तिथं फोटो दाखवावा लागेल, मॅडम.’ सायबर फसवणुकीसाठी १९३० ला फोन करता येतो, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर बायका-मुलांच्या तक्रारीला नाव न सांगायची सोय आहे, हे मी तिला सांगितलं. पण नाव न देता नोंदवलेल्या तक्रारीचा पुढं पाठपुरावाही करता येत नाही. म्हणजे लाज राखायची की दाद मागायची, दोन्हीपैकी एकच. अण्णा, तुमच्या ‘लपवण्यासारखं काय’चं उत्तर हे.

निवृत्त शाखाधिकारी
बाई, ते वाक्य मी बायकांना उद्देशून लिहिलं नव्हतं.

शिरपूरची बाई
वाचणाऱ्यांत बायका होत्या.

निवृत्त शाखाधिकारी
बरं. वाक्य मागं. झालं समाधान? पण बँकेची बाजूही जरा पुरी ऐका, सगळे आम्हाला सावकार समजून बोलताय. सिबिलच्या तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लावायचा, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये ग्राहकाला. हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. बँकेनं २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवायची. वर्षातून एकदा सिबिलसारख्या प्रत्येक कंपनीचा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो किती जणांनी उघडून पाहिला? व्यवस्था आहे. लोक वापरत नाहीत.

तापीकाठ
दिवसाला १०० रुपये! जळगावला जायला-यायला एसटी आणि वर चहा, त्यातच संपले.

आणि अण्णा, रिझर्व्ह बँकेचंच काढलंत तर जुलै २०१७ चं परिपत्रकही काढा. खात्यातून परस्पर ऑनलाइन पैसे गेले तर ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर. तिसऱ्या पक्षानं केलेलं असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर जबाबदारी शून्य. म्हणजे वहिनीच्या खात्यातून दोन हजार गेले असते तर बोजा बँकेवर. पण तिच्या नावावर दोन लाख दुसऱ्याला दिले, तर बोजा तिच्यावर. हे कुठल्या हिशेबात बसतं?

अमळनेरचा एक जून
तापीकाठ, याचं उत्तर येणार नाही बघा. आता अण्णांचं नेट जाणार.

निवृत्त शाखाधिकारी
नेट आहे. जेवायला बसलो होतो.

ते परिपत्रक खातेदारासाठी आहे. कर्जप्रकरणात माणूस आमचा खातेदार आहे की नाही हाच वाद असतो, म्हणून ते लागू होत नाही, असं आम्ही फाईलवर लिहायचो. आता नोकरीत नाही म्हणून सांगतो, ही पळवाट आहे. पैसे ज्या खात्यात गेले त्याची नोंद आमच्याकडे पहिल्या दिवसापासून असते, ती काढायला पाच मिनिटं पुरतात. ग्राहकाला दाखवत नाही, कारण दाखवली तर आमच्याच मंजुरी देणाऱ्यावर चौकशी बसते. तेव्हा आधी कर्जदात्यानं फाईल उघडावी, हे तुमचं मान्य. तक्रार क्रमांकावर कागद न घेणं मात्र मान्य नाही. निदान अंगठा तरी लागेल.

सेतूचा पोऱ्या
अंगठा नको हो अण्णा! तेलंगणात २०१८ मध्ये एका सिमवाल्यानं जमिनीच्या ऑनलाइन दस्तांवरून अंगठ्यांचे रबरी ठसे पाडले होते. मी गावात सगळ्यांना आधारचं बायोमेट्रिक लॉक करून देतोय, आणि तुम्ही परत उघडायला लावताय.

निवृत्त शाखाधिकारी
मग काय, नुसत्या तोंडावर विश्वास ठेवायचा?

तापीकाठ
तोंडावर नका ठेवू. पोलिसांनी तपासलंय यावर ठेवा. तुम्ही पोलिसांचंही ऐकणार नसाल तर आम्हाला ठाण्यात पाठवता कशाला?

निवृत्त शाखाधिकारी
ठीक आहे. वहिनींच्या कंपनीचं नाव आणि तक्रार क्रमांक मला खासगीत पाठवा, त्यांच्या तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याला कसं लिहायचं ते सांगतो. आधार पाठवू नका.

जामनेरी
अण्णा, माझ्या पेन्शनचं पण तेवढं बघा. जन्मतारखेचाच घोळ आहे.