सराव मुलींचा, समोर मुलं: साउथ कॅरोलिना-एलएसयूच्या निमित्ताने

तळ्याकाठी

साउथ कॅरोलिना आणि एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) या अमेरिकन विद्यापीठांच्या मुलींच्या संघांची बास्केटबॉल मॅच जवळ आली की माझ्या फोनवर दुसरं काही दिसत नाही. काल सरावाचा एक व्हिडिओ आला. कोर्टावर साउथ कॅरोलिनाची कोच डॉन स्टेली हिच्या पाच मुली आणि समोर भडक बनियन घातलेली पाच मुलं. एलएसयूचे सेट, म्हणजे ठरवून आखलेल्या चाली, ही मुलं चालवणार आणि मुली ते अडवणार. या मुलांना तिकडे ‘हायलायटर्स’ म्हणतात, आणि त्यांचं कौतुक करताना लोक थकत नाहीत.

मला पटत नाही. संघातल्या उरलेल्या मुली तेवढा वेळ काय करतात? कडेला उभ्या राहतात. १९७२ च्या टायटल नाइनमुळे (शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा अमेरिकन कायदा) मुलींना हे कोर्ट मिळालं, आणि आता प्रतिस्पर्धी तगडा आहे म्हणून त्याच कोर्टावर मुलं बोलवायची. २००६ मध्ये एनसीएए या विद्यापीठ क्रीडा संघटनेच्याच महिला क्रीडा समितीने ही पद्धत बंद करा असं सांगितलं होतं, पण कोचांनी ते मनावर घेतलं नाही. मुलींची तयारी मुलींनीच करून घ्यावी. बेंचवरची मुलगी मॅचमध्येही बसून आणि सरावातही बसून, मग ती संघात कशाला आहे?

कॅरोलिनाकर

तळ्याकाठी, वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझा मुलगा इथल्या एका विद्यापीठात (साउथ कॅरोलिना नव्हे) मुलींच्या संघाच्या स्काऊट टीममध्ये, म्हणजे सरावात समोरच्या संघाची नक्कल करणाऱ्या मुलांत, आहे. त्याला पैसे मिळत नाहीत, शिष्यवृत्ती नाही. पूर्णवेळ विद्यार्थी असावं लागतं, मार्क टिकवावे लागतात, मेडिकल होते, सही करायचे कागद वेगळेच. हे सगळं करून पहाटे अंधारात उठून जायचं, आणि मॅचच्या दिवशी प्रेक्षकांत बसायचं.

तो तिथे काय करतो ते सांगते. मॅचच्या काही दिवस आधी समोरच्या संघातल्या एका मुलीच्या क्लिप त्याच्या फोनवर येतात. तो आठवडा तो म्हणजे ती मुलगी. ती डावीकडून घुसत असेल तर यानेही डावीकडूनच घुसायचं, हा उजवा असला तरी. ती थबकून खांदा पाडते आणि मग निघते, तर ती थबक जमेपर्यंत हा आमच्या स्वयंपाकघरात मोज्यांचा गोळा घेऊन फ्रिजपासून सिंकपर्यंत फेऱ्या मारतो. उडी मारून तो शॉट अडवू शकतो, पण ती मुलगी अडवत नाही म्हणून यानेही अडवायचा नाही. बॉलसुद्धा मुलींचा, सहा नंबरचाच. सात नंबरच्या बॉलची सवय असलेल्या हाताला तो लहान लागतो, सुरुवातीला त्याचे सगळे शॉट रिंगच्या मागे जायचे. स्वतःचा खेळ दाखवायला गेलेल्या एका मुलाला कोचने सरळ घरी पाठवलं.

आता तुमच्या बेंचवरच्या मुलीकडे येते. तिने आठवडाभर एलएसयूचे सेट पाठ केले, तर स्वतःच्या संघाचे कधी करणार? दुसऱ्या क्वार्टरमध्ये कुणाला तिसरा फाऊल लागला की तिलाच आत जायचंय. तेव्हा ती कुठल्या संघाचा स्क्रीन लावणार, म्हणजे बचाव करणारीची वाट कुठल्या चालीने अडवणार?

आणि उंचीचं काय? २०२४ मध्ये साउथ कॅरोलिनाकडे कमिला कार्डोसो होती, ६ फूट ७ इंच. तिच्यावरून शॉट कसा टाकायचा याचा सराव एलएसयूच्या मुलींनी कुणासमोर करायचा होता? तेवढ्या उंचीची मुलगी बेंचवर ठेवलेली असते का? मुलं नसली की कोच लांब काठीला पॅड बांधून उभे राहतात. काठी रिबाउंडला, म्हणजे हुकलेला बॉल उचलायला, येत नाही.

तळ्याकाठी

कॅरोलिनाकर, तुमच्या मुलाची मेहनत मला दिसते, त्याच्याबद्दल मी काहीच म्हटलेलं नाही. पण तुम्ही उत्तर दिलंत ते सुरुवातीच्या पाच जणींच्या सोयीचं. आठवी, नववी, दहावी मुलगी सुधारते कशी? पहिल्या पाचांसमोर रोज उभी राहून, मार खाऊन. ती जागा तुम्ही मुलाला दिलीत. तिच्या वाट्याला काय उरलं, तर पाणी आणि टॉवेल. समितीचं म्हणणं नेमकं हेच होतं.

तर्कट

समितीचं म्हणणं टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाची कोच पॅट समिट हिने तेव्हाच खोडलं होतं. तिथे ती कित्येक वर्षं मुलांना सरावाला घेत होती. १,०९८ विजय, आठ राष्ट्रीय विजेतेपदं. तिच्या बेंचवरच्या मुली वाया गेल्या असं म्हणायचंय का?

दुसरं. २०२५ च्या हाउस तडजोडीनंतर (एनसीएएविरुद्धच्या ‘हाउस’ खटल्यातली तडजोड) जी विद्यापीठं खेळाडूंना पैसे वाटून देतात, त्यांच्या महिला बास्केटबॉल संघात पंधराच खेळाडू ठेवता येतात. दोघींचे गुडघे गेले, एक आजारी पडली की उरल्या बारा. पाचास पाच खेळवायचं तर बदलीला दोघी. फेब्रुवारीत, सीझनच्या शेवटी, त्यांनाच दोन्ही बाजूंनी पळवायचं? स्काऊट टीमच्या मुलांमुळे पाय वाचतात हे कुणी बोलतच नाही.

आणि यंदाची गंमत बघा. मिलेजिया फुलवायली साउथ कॅरोलिनातल्या कोलंबिया शहराचीच मुलगी, दोन वर्षं स्टेलीकडे खेळली आणि २०२५ मध्ये एलएसयूत गेली. २०२३ मध्ये पॅरिसला नोत्र दाम विद्यापीठाविरुद्ध तिने पूर्ण कोर्ट पळत जाऊन पाठीमागून बॉल फिरवून जो लेअप टाकला तो आठवा. तो वेग सरावात उभा करायचा तर कुठली बदली खेळाडू तो आणणार?

ऋतुगंध

मी बेंचवरची होते, म्हणून बोलते. सांगलीकडच्या एका कॉलेजात. आंतरविद्यापीठ स्पर्धेआधी सरांनी मुलांचा संघ बोलवला. पहिल्या पाच जणी त्यांच्याशी खेळल्या आणि आम्ही सात जणी कट्ट्यावर. आठवडाभर मी बॉलला हात लावला नाही. स्पर्धेत आमची गार्ड पाय मुरगळून बाहेर आली आणि सरांनी मला आत ढकललं, तेव्हा हात थंडगार होते. पहिलाच पास मी थेट समोरच्या मुलीच्या हातात दिला. म्हणून तळ्याकाठींचं मला पटतं. अमेरिकेत पंधराच्या पंधरा मुलींना वेगळा कोच, वेगळी रिंग असेल. आमच्याकडे दोनच रिंगा, त्यातली एक वाकलेली.

आणि ती मुलं सराव संपला तरी कोर्ट सोडायची नाहीत. ‘आम्ही तुमच्यासाठी आलो, आता आमची एक मॅच होऊ दे,’ म्हणून आमचा उरलेला वेळही त्यांचाच.

जुना सेंटर

नागपूरला चाळीस वर्षं बास्केटबॉल बघतोय, म्हणून दोन शब्द. मुलांसमोर खेळल्याशिवाय मुलगी पक्की होत नाही. स्टेलीबाईंचंच घ्या. नॉर्थ फिलाडेल्फियात रेमंड रोझन वसाहतीच्या कोर्टावर पोरांशी भांडून खेळून ती मोठी झाली. ५ फूट ६ इंच उंची. खेळाडू म्हणून तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं, टोकियोत तिच्या कोचिंगखाली अमेरिकेने पुन्हा सुवर्ण जिंकलं. आपल्याकडे रेल्वेकडून खेळणारी पूनम चतुर्वेदी जवळपास सात फुटांची. तिच्या संघाशी गाठ पडली तर तयारीला मुलगी आणणार कुठून?

आपल्या मुलींचं काय होतं, तर संध्याकाळी सात वाजले की घरी. खरी मॅच सातनंतर रंगते. आम्ही कुणाला अडवत नाही, त्याच येत नाहीत. आणि ज्या येतात त्यांतल्या निम्म्या दहावी-बारावीच्या क्रीडागुणांसाठी. गुण पडले की बूट माळ्यावर. त्यात बास्केटबॉलच्या कोर्टावर क्रिकेटची नेट टांगणारे महाभाग वेगळेच. हा खरा प्रश्न आहे, त्यावर कुणी लिहीत नाही.

ऋतुगंध

काका, ‘त्याच येत नाहीत’ हे वाक्य परत वाचा. तुमच्या कोर्टावर सातनंतर दिवे कुणाच्या सांगण्यावरून लागतात? मुलींची कपडे बदलायची खोली आहे का? बाहेर चहाच्या टपरीवर जे टोळकं बसतं ते उठवायला तुमच्यापैकी कुणी कधी गेलंय? मी दोनदा सातनंतर थांबले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आईला विचारत होत्या की मुलगी कुणाबरोबर असते. बाबांनी तिसऱ्यांदा पाठवलं नाही. यात मी आले नाही, की मला येऊ दिलं नाही?

स्टेली पोरांशी भांडून खेळली म्हणता. भांडायला आधी कोर्टावर उभं राहायला मिळालं पाहिजे ना!

जुना सेंटर

आवाज चढवायची गरज नाही. मी माझ्या पुतणीला स्वतः सायकलवर डबलसीट आणून खेळवलंय. ती मुलांत खेळली म्हणूनच विद्यापीठाच्या संघात आली. ज्यांना खेळायचं असतं त्या वाट काढतात. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या संघाची कर्णधार झाली, ती काय घरी बसून?

ऋतुगंध

तुमच्या पुतणीला आणायला सोडायला काका होता. ज्यांना नाही त्यांचं मी बोलतेय. आणि लिमयेंसारख्या खेळाडूचं नाव घेऊन बाकीच्या मुलींना आळशी ठरवणं हा त्यांचाही अपमान आहे.

तर्कट

विषय साउथ कॅरोलिनाचा होता. टपरीवर कसा गेला?

कॅरोलिनाकर

जाऊ दे ना, तर्कट, हा विषय जास्त महत्त्वाचा आहे. ऋतुगंध, तुमच्या सरांनी जे केलं तो स्काऊट सराव नव्हताच. त्यांनी मुलांना नुसतं खेळायला लावलं. मुलं स्वतःचा खेळ खेळली, मुली हरल्या, आणि मुलं जिंकल्याच्या तोऱ्यात कोर्ट बळकावून बसली. इथे त्या मुलाला जिंकायला बोलवलेलंच नसतं. शिटी वाजली की तो कडेला. कोर्ट मुलींचं, वेळ मुलींची, आणि कुणी आत यायचं ते मुलींची कोच ठरवते. फरक तिथे आहे.

तळ्याकाठी, एवढं मात्र मान्य करते की हे सगळीकडे असंच चालतं असा दावा मी करू शकत नाही. पैसा कमी असलेल्या लहान विद्यापीठात कोच आळस करते आणि बेंचला विसरते, हे होत असणार.

तळ्याकाठी

होत असणार नाही, होतं. पण ठीक. एलएसयूसारख्या मॅचच्या आधी, एखाद्या उंच किंवा फार वेगवान खेळाडूसाठी, मोजके दिवस मुलं घेतली तर मी बोलणार नाही. रोज नको. आणि त्या वेळी दुसऱ्या रिंगवर उरलेल्या मुलींचा सराव चालू असलाच पाहिजे, टाळ्या वाजवत उभं राहणं नव्हे. यापलीकडे मी सरकणार नाही.

बाकी, मुलांशी खेळून मुली ‘पक्क्या’ होतात, हे अजूनही मला खटकतं. १० मार्च २०२४ ला ग्रीनव्हिलला एसईसीच्या (दोन्ही संघ ज्या विद्यापीठ गटात खेळतात त्याच्या) फायनलमध्ये काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. कार्डोसोने एलएसयूच्या फ्लॉजे जॉन्सनला ढकललं, बेंच रिकामे झाले, बेंचवरून उठलेल्या मुलींना बाहेर काढलं आणि कार्डोसो पुढच्या मॅचला मुकली. साउथ कॅरोलिना ७९-७२ जिंकली, पण लक्षात राहिली ती धक्काबुक्की.

तर्कट

त्याचा सरावातल्या मुलांशी संबंध जोडणं अन्याय आहे. दोन चांगले संघ, विजेतेपदाची मॅच, संपायला दोन-अडीच मिनिटं. डोकी तापली. मुलांच्या मॅचमध्ये हेच झालं असतं तर ‘जिद्द’ म्हटलं असतं. मुलींनी केलं की कारण शोधायला बसायचं. हे तुमच्याकडून अपेक्षित नव्हतं.

तळ्याकाठी

ते उदाहरण सोडते. मूळ मुद्दा सोडत नाही.

जुना सेंटर

ऋतुगंध, काल पुतणीला फोन केला. तिला विचारलं, मी आणायला आलो नसतो तर आली असतीस का. नाही म्हणाली. एवढ्यावरून माझं सगळं म्हणणं चूक ठरत नाही. मुलांसमोर खेळायलाच हवं, यावर मी ठाम आहे. पण कोर्टाच्या वेळेचं तुमचं म्हणणं रास्त आहे. आमच्या मंडळाची बैठक आहे, तिथे मांडतो. मंगळवार आणि गुरुवार, सात ते साडेआठ, कोर्ट मुलींचं. मुलं लागली तर मुलींनी बोलवायची, आणि कॅरोलिनाकर म्हणतात तशी, समोरच्या संघाचा खेळ करायला. कपडे बदलायच्या खोलीचं आश्वासन देत नाही, सध्या तिथे क्रिकेटचं सामान आहे. मुली खरंच आल्या नाहीत तर मात्र मी पुन्हा बोलणार.

ऋतुगंध

आधी ते सामान हलवा. दोन महिने सलग वेळ द्या, एक आठवडा देऊन ‘बघा, कुणी आलं नाही’ म्हणू नका. टपरीचं तेवढंच महत्त्वाचं आहे, मुली जाईपर्यंत मंडळाचा कुणी तरी फाटकाशी उभा राहू दे. नागपुरात माझी एक मैत्रीण शाळेत क्रीडाशिक्षिका आहे, तिच्या नववी-दहावीच्या मुली खेळतात. बैठक कधी आहे ते सांगा, ती येईल.

जुना सेंटर

रविवारी सकाळी दहाला. येऊ दे. मुलींच्या पालकांपैकी कुणी आलं तर जास्त बरं, मंडळातले लोक पालकांचं ऐकतात.