मदत हवी आहे: डेबियनसाठी लुआचं पॅकेज

नमस्कार मंडळी. डेबियन लिनक्समध्ये लुआ ५.४ (प्रोग्रॅमिंग भाषा) तयार मिळतं, पण पॅकेजिंग शिकायचं म्हणून मूळ सोर्सपासून स्वतः करतोय. बिल्ड झालं, इन्स्टॉलही झालं. मात्र 'रिक्वायर' (मॉड्यूल लोड करणारं फंक्शन) केलं की मॉड्यूल सापडत नाही! एररमधली यादी वाचली तर शोध /यूएसआर/लोकल/शेअर/लुआ/५.४ मध्ये, /यूएसआर/शेअरचं नावच नाही. लुआकॉन्फ.एच (लुआच्या सेटिंग्जची हेडर फाइल) मध्ये लुआ_रूट, म्हणजे मूळ फोल्डर /यूएसआर/लोकल, तसाच कोरलेला आहे. तिथे पॅच मारू, की रूल्स फाइलमधून (डेबियनची बिल्ड स्क्रिप्ट) लुआ_पाथ_डिफॉल्ट, म्हणजे मॉड्यूल शोधायचे मार्ग, दिलं तरी भागेल?

दुसरं दुखणं: मूळ मेकफाइल फक्त स्टॅटिक (प्रोग्रॅममध्येच मिसळून जाणारी) लायब्ररी बनवते. शेअर्ड (अनेक प्रोग्रॅम्सनी चालताना वापरायची) केली तर सोनेम, म्हणजे लायब्ररीचं आवृत्तीसह नाव, काय ठेवायचं? ५.३ आणि ५.४ चं एबीआय (कंपाइल झालेल्या कोडमधला जोड) जुळत नाही, आणि मला दोन्ही एकाच मशीनवर हवेत. कुणी हे केलंय का?