मदत हवी आहे: गोळा केलेल्या रानवनस्पती काळ्या पडतायत, नावंही लागत नाहीत

पाटीपेन्सिल
सातवीच्या वर्गाला घेऊन परिसरातल्या रानवनस्पती गोळा केल्या. प्रत्येकाने एक आणायची, वाळवायची, कागदावर चिकटवून खाली नाव लिहायचं, एवढाच उपक्रम. पण निम्मे नमुने काळे पडलेत, काहींवर बुरशी. सोमवारी पालक बघायला येणार आहेत. काळं पडू नये म्हणून काय करू, आणि खालच्या फोटोंतली नावं काय, एवढं कोणी सांगेल का? "गुगल लेन्स वापरा" सांगू नका, एकाच झाडाची तीन नावं दाखवली त्याने.

घाटवाट
फोटो दिसत नाहीत सर, लिंक सगळ्यांना खुली करा. आणि गाव कुठलं? कोकणातलं रान वेगळं, माणदेशातलं वेगळं.

जास्वंद७
+१. वाळवताय कसं तेही लिहा ना. आम्ही काय ओळखायचं, बुरशी?

पाटीपेन्सिल
सर नाही, मॅडम. आंबेगाव तालुका, पश्चिम भाग. वाळवायचं म्हणजे रद्दीत घालून वर दगड, आणखी कसं वाळवतात? लिंक खुली केलीय.

वाळकापाला
रद्दी किती वेळा बदलली? माझी खात्री आहे, एकदाही नाही. पावसाळ्यात पहिले दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ कागद बदलायचे, नंतर रोज एकदा. ओला कागद तसाच राहिला की बुरशी येणारच, दगड कितीही मोठा ठेवा. काढलेले कागद चुलीपाशी वाळवून पुन्हा वापरता येतात. दर चार-पाच नमुन्यांमागे खोक्याचा पन्हळी पुठ्ठा घाला, हवा खेळते. केना, घोळ असले रसाळ प्रकार आठवडाभर जिवंत राहतात. त्यांना उकळत्या पाण्यात एक बुचकळी द्या, फूल वर धरून, मग टिपून कागदात. आता हाताशी दिवस नाहीत, तेव्हा दोन कागदांमध्ये ठेवून हलकी इस्त्री फिरवा. रंग थोडा जाईल, पण सोमवार निघेल. काळे पडलेले पुन्हा गोरे होत नाहीत, ते नव्याने आणा.

हडसनकाठी
आम्ही इथे मुलीच्या शाळेसाठी मायक्रोवेव्हमध्ये करतो. दोन टाइल्स, मध्ये टिश्यू, अर्धा-अर्धा मिनिट. झकास.

घाटवाट
पश्चिम आंबेगावात श्रावणात आधी वीज टिकू दे, मग टाइल्स बघू. हलकेच घ्या.

मॅडम, महत्त्वाचं. पश्चिम भाग म्हणजे भीमाशंकर अभयारण्य जवळ. १९८५ पासून ते अभयारण्य आहे, आतून पानही तोडता येत नाही. मुलांनी कुठून आणलं?

पाटीपेन्सिल
शाळेमागचा ओढा आणि शेताचे बांध. अभयारण्यात कोण नेईल चाळीस पोरं! नावांचं बघा की कोणीतरी.

चिंचोका
फोटो २ टाकळा. कोवळी पानं लसूण-मिरचीवर परता, वरून ओलं खोबरं. आमच्याकडे पहिल्या पावसानंतर महिनाभर हीच भाजी.

रानभाजीप्रेमी
मुलांच्या आज्यांना विचारा ना सरळ! ऑगस्टमध्ये कृषी विभागाचा रानभाजी महोत्सव भरतो, तिथे बायका डोळे मिटून ओळखतात. टाकळ्यासारखं दिसणारं सगळं चालतं.

वाळकापाला
सगळं चालत नाही! टाकळ्याला पानाच्या तीन जोड्या, टोकं गोलसर, शेंग लांब आणि सुईसारखी बारीक. फोटो २ मध्ये जोड्या चार-पाच आणि टोकं अणकुचीदार दिसतायत. चुरडून घाण वास आला तर तो कासविंदा. त्याच्या बिया खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावली आहेत, हे वैद्यकीय नोंदींत आहे. तिसरा एक सोयरा अंगभर तपकिरी लव असलेला, आखूड शेंगांचा, बाहेरून आलेला. रस्त्याकडेला गालिचा पसरतो तो बहुतेक हाच. आज्यांना विचाराच, पण फांदी हातात देऊन विचारा. फोटो दाखवून नको.

चिंचोका
मी शेंगा बघितल्याच नाहीत. तरी रेसिपी टाकळ्याचीच आहे.

उंबरठा
माझ्या कुंडीतल्या तुळशीवर पांढरे कापसासारखे किडे आलेत. कडुनिंबाचं तेल मारू का?

जास्वंद७
वेगळा धागा काढा हो.

फोटो ४ कुर्डू, रुपेरी-गुलाबी तुरा आहे. फोटो ५ आघाडा. त्याची फळं दांड्याला खाली वळून चिकटलेली असतात आणि कपड्यांना लागतात, पोरांच्या चड्ड्या बघा. फोटो ६ ला फूलच नाही, मी नाव सांगणार नाही. फूल किंवा फळ नसेल तर नमुना ओळखायच्या कामाचा नाही.

फुलोरा
कुकचा फ्लोरा, म्हणजे वनस्पतींचा ग्रंथ, घ्या. १९०१ ते १९०८ मध्ये निघाला, मुंबई इलाख्याचा सगळा सपुष्प पसारा त्यात आहे. बाकी सगळं वरवरचं.

घाटवाट
सोमवारपर्यंत सातवीतली पोरं कुक वाचतील, मंगळवारी लॅटिनमध्ये भांडतील. मॅडम, "सीक" नावाचं ॲप आहे, मुलांसाठीच केलेलं, खातं लागत नाही. नाव नक्की नसेल तिथे कुळापर्यंतच थांबतं.

फुलोरा
ॲपने ओळखायला शिकत नाहीत, दाखवायला शिकतात.

पाटीपेन्सिल
भांडा नंतर. एक नवीनच आलंय. वेलासारखं, फूल लाल-पिवळं, ज्वाळेसारखं, पानाच्या टोकाला गुंडाळी. मुलाने कंदासकट उपटून आणलंय, कंद रताळ्यासारखा आहे, दुपारपासून सगळे हाताळतायत.

वाळकापाला
कळलावी. कंद आत्ताच्या आत्ता बाजूला घ्या, मुलांचे हात साबणाने धुवायला लावा. सगळ्या झाडात कोल्चिसिन नावाचं विष असतं, कंदातही. कोणी चाखलं असेल तर ओकारी-जुलाबांची वाट बघू नका, थेट दवाखान्यात. नमुन्याला फूल आणि दोन पानं पुरेत.

रानभाजीप्रेमी
आमच्या वैद्यबुवांकडे हा कंद शुद्ध करून...

जास्वंद७
शाळा आहे ती! जाता जाता, धोतरा, खाजकुयली आणि गाजरगवत पण यादीतून काढा. गाजरगवताने काहींची कातडी सुजते.

पाटीपेन्सिल
कोणी चाखलं नाही, एकेकाला विचारलं. हात धुऊन झाले, कंद कुलपात. फोटो २ चुरडला, भयंकर वास. म्हणजे कासविंदा. कागद बदलले, पुठ्ठे दुकानदाराने फुकट दिले. चिकटवायला फेविकॉल की सेलोटेप?

वाळकापाला
सेलोटेप नको, पिवळी पडून सुटते. जाड देठ सुई-दोऱ्याने टाके घालून शिवा, बाकी कागदाच्या बारीक पट्ट्यांनी. आणि खाली नुसतं नाव नको. तारीख, जागा, ओढा की बांध, कोणी आणलं आणि फुलाचा ताजा रंग लिहा, कारण वाळल्यावर तो कळणार नाही. फोटो ६ पुढे "फूल आलेलं नाही" एवढंच लिहून जागा रिकामी ठेवा.

उंबरठा
कडुनिंबाचं तेल मारलं. तुळस आता जास्तच मलूल दिसतेय.