वेसाव्याच्या कोळी महोत्सवाला तुम्ही कसे पोहोचलात?

थंडी पडायला लागली की मला हमखास फोन येतात, "वेसाव्याला कोळी सीफूड फेस्टिवलला जायचंय, कसं जाऊ?" काय खायचं हे सगळ्यांनी ठरवलेलं असतं, अडतं ते जाण्यायेण्यावर. म्हणून हा धागा. महोत्सव साधारण जानेवारीच्या आसपास, शनिवार-रविवार धरून, वर्सोव्याच्या (वेसावे म्हणजेच वर्सोवा) कोळीवाड्यात संध्याकाळी भरतो. तारखा दरवर्षी नव्याने ठरतात, त्या बघूनच निघा. तुम्ही कुठून निघालात, कुठे अडकलात, परतताना काय झालं, सगळं सविस्तर लिहा.

सुरुवात मी करते. आम्ही डोंबिवलीचे. पहिल्या वर्षी गाडी काढली आणि सात बंगल्याच्या पुढे ती जवळजवळ उभीच राहिली. मागे दोन मुलं, दोघांना भूक लागलेली, आणि समोर लाल दिव्यांची रांग. कोळीवाड्याच्या तोंडाशी पोहोचलो तर गाडी लावायला जागा कुठेच नाही. ती शोधण्यात आणखी पाऊण तास गेला. आत शिरलो तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि पहिल्याच स्टॉलवर ताई म्हणाली, "चिंबोरी संपली गो."

त्यानंतर गाडी कायमची बंद. आता डोंबिवलीहून फास्ट लोकलने घाटकोपर, आणि तिथून मेट्रोने थेट वर्सोवा. घाटकोपरला ही मेट्रो सुटते आणि वर्सोव्याला संपते, त्यामुळे मध्ये बदलायची भानगड नाही, चढताना बसायला जागाही मिळते. एक लक्षात ठेवा, रविवारी मध्य रेल्वेला मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशी बघून घ्या. आम्ही शक्यतो शनिवारच धरतो.

दहिसरकर

आमच्यासाठी सगळ्यात सोपं झालं ते नव्या मेट्रोमुळे. दहिसरहून अंधेरी पश्चिम, मग पुलावरून चालत डी. एन. नगर, तिथून दुसऱ्या मेट्रोने पुढचंच स्थानक वर्सोवा. संध्याकाळी अंधेरी स्टेशनच्या बाहेरची गर्दी पूर्ण टळते. वर्सोवा स्थानकापासून कोळीवाडा जवळच आहे असं समजून निघू नका, रमतगमत चाललं तर अर्धा तास जातो. आम्ही जाताना रिक्षा करतो, येताना चालतो. पोट भरलेलं असतं, ते चालणं बरंही वाटतं.

अंधेरीची जुनी

मेट्रो 8 जून 2014 ला सुरू झाली. त्याआधीची गोष्ट सांगते. अंधेरी पश्चिमेला उतरायचं, बेस्टच्या बसच्या रांगेत लागायचं आणि जे. पी. रोडवर तासभर गचके खात जायचं. बस भरलेली असली तरी वातावरण छान असायचं. एकदा शेजारी एक कोळीण मावशी बसली होती, मांडीवर रिकामी पाटी. फेस्टिवलला चाललोय कळल्यावर तिने उतरेपर्यंत मला एकच गोष्ट शिकवली: ओला बोंबील घेताना आधी त्याचा गळा उघडून बघ, आत लाल-गुलाबी दिसला तर घे, फिका पडला असेल तर ठेव. मी आजही बाजारात तेच करते.

नाशिककर

नाशिकहून एका दिवसात जाऊन यायचा विचार असेल तर तो सोडा. आम्ही पंचवटी एक्सप्रेसने सकाळी दादरला उतरलो, हे उत्तम झालं. पण परतीची पंचवटी सीएसएमटीहून संध्याकाळी सुटते, आणि तेव्हा महोत्सवात कुठे तवे तापायला लागलेले असतात. मुक्काम हवाच. आम्ही गोरेगावला भाच्याकडे राहिलो. सकाळी त्याच्याबरोबर पुन्हा वर्सोव्याला गेलो, फक्त समुद्र बघायला, आणि बांबूंच्या दांड्यांवर सुकत घातलेले बोंबील पाहिले. दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून दांडीवर टाकलेले, मधे दोरा नाही की खिळा नाही. माझी मुलगी बराच वेळ तिथून हलेना.

मढची

आमच्याकडून कोणी रस्त्याने जात नाही. मढहून वर्सोवा समोर दिसतं, मध्ये फक्त खाडी. रस्त्याने मार्वे, मालाड, लिंक रोड असा सगळा वळसा, बोटीने काही मिनिटं. बोटीत बाइकही चढवतात. भरतीला चढणं-उतरणं सोपं, ओहोटीला बोट खाली जाते, फळी उभी होते आणि पायऱ्यांवर शेवाळ असतं. वयस्कर माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल तर चांगल्या पकडीच्या चपला घाला आणि हात धरूनच उतरवा. एका वर्षी माझी सासू घसरता घसरता वाचली. बोटीवरच्या पोराने तिचा दंड पकडला म्हणून. उतरल्यावर तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तो अजून तिला ओळखतो. शेवटची बोट किती वाजता आहे हे मात्र उतरतानाच विचारून ठेवा.

वेसाव्याची लेक

मी इथलीच. आमच्या घरचा स्टॉल असतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. तुम्ही संध्याकाळी येता, आमचा दिवस पहाटे बंदरावर सुरू होतो. आमच्याकडे डोलजाळी फार. ती पाण्याच्या ओढीवर चालतात, म्हणून उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत म्हावरं भरपूर आणि भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेल्या दिवसांत कमी. महोत्सव भांगात आला तर आईला आदल्या रात्री झोप लागत नाही. मसाला मात्र उन्हाळ्यातच कुटून ठेवलेला असतो, त्याचा रंग जरा उतरला तरी ती स्टॉलवर आणत नाही. भाकऱ्या तिथल्या तिथेच. संध्याकाळी सातपासून मावशी जी थापायला बसते ती उठत नाही, तिच्या हाताखालची भाकरी तव्यावर जाईपर्यंत दुसरा गोळा तयार असतो.

एक मागणं आहे. दोनचाकी, चारचाकी आमच्या गल्ल्यांत घालू नका. आमच्या गल्ल्या घरांच्या दारातून जातात, तिथे म्हातारी माणसं झोपलेली असतात. मागे माझ्या आजोबांना रात्री दम लागला होता आणि दारात कुणाची तरी गाडी उभी होती. चार जणांनी ती उचलून बाजूला केली, तेव्हा त्यांना बाहेर काढता आलं. ते वाचले. पण त्या पंधरा मिनिटांत आईचा चेहरा कसा झाला होता ते मी विसरणार नाही. मेट्रोने या, बसने या, चालत या. जागा आम्ही करतो.

पुणेरी खवय्या

दादरला उतरून पश्चिम रेल्वेने अंधेरी, मग मेट्रो. शनिवारी पावणेसातला पोहोचलो, आणि गर्दी वाढायच्या आत सगळं खाऊन झालं: तळलेले बोंबील, तिसऱ्यांचं सुकं, भरलेला सरंगा. आठनंतर रांगा मोठ्या होतात. कोळीनृत्य पाहायला पुढे जागा हवी असेल तरीही लवकरच जा.

ठाण्याहून

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, व्हीलचेअरवर. त्यांचं लहानपण अलिबागकडचं, मासे त्यांचा जीव. "यंदा न्या मला," एवढंच म्हणाले. दोन रिक्षावाल्यांनी व्हीलचेअर बघून नकार दिला, तिसऱ्याने स्वतः उतरून ती घडी केली. गल्लीच्या तोंडापर्यंत आलो. पुढे खडबडीत वाट, गर्दी, चाक अडकायला लागलं. तेवढ्यात एका स्टॉलवरची बाई हात पुसत बाहेर आली, म्हणाली, "काका, तुम्ही इथेच बसा, पान मी आणते." चार स्टॉलवरून थोडं थोडं आणलं तिने. बाबांनी कालवांची आमटी वाटीने प्यायली, आणि भाकरीचा शेवटचा तुकडा वाटीत फिरवून पुसून घेतला.

कुणाला माहीत आहे का, वर्सोव्याच्या स्थानकावर लिफ्ट कुठल्या बाजूला उतरवते? यंदा रिक्षा न करता मेट्रोनेच न्यायचा विचार आहे.

वेसाव्याची लेक

लिफ्ट कुठल्या बाजूला ते मी उद्या जाऊन बघून इथे लिहिते. तुम्ही निघायच्या आधी मला निरोप टाका, भाऊ स्थानकावर येईल. काकांना कालवांची आमटी आवडते हे आईला सांगून ठेवलंय.